बरोक वास्तुकला : दगडातून मन वळविण्याची विद्या

धर्मसंस्थेच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा रोमने वास्तुशिल्पींना हाक दिली. त्या हाकेतून आकाराला आलेल्या शैलीची वैशिष्ट्ये, तिची सांस्कृतिक मुळे आणि थेट गोव्यापर्यंत झालेला तिचा प्रवास यांचा हा परिचय.

रोममधील सेंट पीटर्स चौकाच्या फरसबंदीत दोन गोल चकत्या बसविलेल्या आहेत. चौकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी स्तंभावली खांबांच्या चार रांगांची आहे. परंतु यांपैकी एका चकतीवर उभे राहून त्या बाजूच्या स्तंभावलीकडे पाहिले, की मागच्या तिन्ही रांगा पुढच्या रांगेआड लपतात आणि खांबांची एकच रांग असल्याचा भास होतो. दोन पावले बाजूला सरकले, की खांबांचे रान पुन्हा दिसू लागते. २८४ खांबांची ही रचना जान लोरेंत्सो बर्निनी या शिल्पकाराने १६५६ ते १६६७ या काळात उभी केली. इमारत जागची हलत नाही. पण पाहणारा हलला की तीही हलू लागते. सतराव्या शतकात युरोपभर पसरलेल्या बरोक वास्तुशैलीचे मर्म या एका युक्तीत सामावलेले आहे.

त्याआधीच्या प्रबोधनकालीन वास्तुकलेचा भर प्रमाणबद्धतेवर होता. वर्तुळ, चौरस आणि मानवी देहाची मापे यांतून सिद्ध झालेली ती वास्तू स्वयंपूर्ण असे. पाहणाऱ्याने शांतपणे समोर उभे राहावे आणि तिच्यातील गणित बुद्धीने जाणावे, अशी तिची अपेक्षा होती. बरोकने हे अंतर नाहीसे केले. पाहणाऱ्याला आत ओढायचे, चकित करायचे, भारावून टाकायचे आणि अखेर त्याचे मन वळवायचे, हा या शैलीचा उद्देश होय. तिची वक्र भिंत, लपविलेली खिडकी, रंगविलेले आकाश आणि पिळाचा खांब या सर्वांचा उलगडा या उद्देशातून होतो.

ओबडधोबड मोती

‘बरोक’ हा शब्द ‘बारोको’ या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. त्याचा अर्थ ओबडधोबड, बेढब आकाराचा मोती. या शैलीत बांधकाम करणाऱ्यांपैकी कोणीही स्वतःच्या कामाला हे नाव दिले नव्हते. अठराव्या शतकात अभिजात ग्रीक-रोमन साधेपणाचा पुरस्कार करणाऱ्या टीकाकारांनी ते हेटाळणीसाठी वापरले. फ्रेंच विद्वान कात्रमेर द कँसी यांनी १७८८ मध्ये एका कोशात बरोक म्हणजे विक्षिप्तपणाचीच एक छटा असल्याचे नमूद केले. नियम मोडणारे, अतिरेकी, अभिरुचिहीन असा या शब्दाचा अर्थ जवळपास शतकभर रूढ राहिला.

हे चित्र पालटले ते १८८८ मध्ये. स्विस कलेतिहासकार हाइनरिश व्योल्फलिन यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रबोधनकाल आणि बरोक यांची तुलना केली. बरोक ही प्रबोधनकालाची ऱ्हासावस्था नसून पाहण्याची एक वेगळी आणि स्वतंत्र रीत आहे, या विचाराला त्यातून चालना मिळाली. शिवी म्हणून आलेला शब्द अशा रीतीने कलेतिहासातील मानाचे पद झाला.

दुभंगलेले ख्रिस्ती जगत

या शैलीची मुळे सौंदर्यविचारापेक्षा धर्मकारणात अधिक खोलवर रुजलेली आहेत. १५०६ मध्ये रोममध्ये नव्या सेंट पीटर्स चर्चची पायाभरणी झाली. या प्रचंड बांधकामासाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता पापक्षालनाची पत्रे विकण्यात येऊ लागली. या विक्रीमुळे संतापलेल्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मपंडिताने १५१७ मध्ये आपली ९५ प्रमेये मांडली. पुढच्या काही दशकांत उत्तर युरोपचा मोठा भाग रोमच्या हातून निसटला. एका वास्तूच्या खर्चाने ख्रिस्ती जगत दुभंगण्यास निमित्त पुरविले, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय. भरीस भर म्हणून १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेभान सैन्याने रोम शहरच लुटले.

धर्मसुधारकांचा, विशेषतः त्यांच्यातील कडव्या गटांचा, चर्चमधील मूर्ती आणि चित्रांना तीव्र विरोध होता. स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाच्या लाटा उसळल्या. भिंती पांढऱ्या झाल्या आणि वेदीच्या जागी प्रवचनाला महत्त्व आले. या आव्हानाला उत्तर देण्यासाठी कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची ट्रेंट येथील परिषद १५४५ ते १५६३ अशी, मधल्या खंडांसह, अठरा वर्षे चालली. तिच्या अखेरच्या अधिवेशनात मूर्ती आणि चित्रे राहतील, असा निर्णय झाला. मात्र त्यांनी भाविकांना धर्माची शिकवण द्यावी, श्रद्धा दृढ करावी आणि त्यांत असभ्य वा भ्रामक काही नसावे, अशी अट घालण्यात आली. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी तर १५७७ मध्ये चर्च कसे बांधावे याचे तपशीलवार नियमच प्रसिद्ध केले. प्रबोधनकालीन वास्तुकारांना प्रिय असलेला वर्तुळाकार आराखडा त्यांना मूर्तिपूजक मंदिरांची आठवण करून देणारा वाटे; क्रुसाच्या आकाराला त्यांनी पसंती दिली.

परिषदेने कोणतीही शैली ठरवून दिली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तिने कलेला केवळ काम नेमून दिले. ज्याला लॅटिन वाचता येत नाही, ज्याच्या कानावर नव्या पंथाचे प्रवचन पडले आहे आणि ज्याचे मन डळमळीत झाले आहे, अशा माणसाला चर्चच्या उंबरठ्याआत खेचून घ्यायचे होते. ते कसे साधायचे, याचा शोध पुढील शंभर वर्षे चालू राहिला आणि त्या शोधालाच आज आपण बरोक म्हणतो.

‘इल जेसू’चा नमुना

या शोधाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे रोममधील ‘इल जेसू’ हे जेझुइट पंथाचे मुख्य चर्च. १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेला हा पंथ शिक्षण आणि धर्मप्रसार यांत अग्रेसर होता. कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझे यांच्या आश्रयाने १५६८ मध्ये चर्चचे काम सुरू झाले आणि १५८४ मध्ये ते पूजेसाठी खुले झाले. आराखडा जाकोमो विन्योला यांचा, तर दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ता यांचा.

जुन्या चर्चमध्ये खांबांच्या रांगांमुळे बाजूच्या दालनांतील लोकांना वेदी धड दिसत नसे. ‘इल जेसू’मध्ये बाजूची दालने काढून टाकण्यात आली. एकच रुंद, कमानी छताचे मध्यदालन ठेवून दोन्ही अंगांना लहान प्रार्थनाकक्ष देण्यात आले. प्रवचन सर्वांना ऐकू यावे आणि वेदीवरील विधी सर्वांना दिसावा, ही त्यामागची व्यावहारिक गरज. दारातून आत येणाऱ्याची नजर सरळ वेदीकडे जाते आणि तेथे घुमटातून उतरणारा प्रकाश तिला खिळवून ठेवतो. जगभरातील जेझुइट चर्चनी या आराखड्याचे आपापल्या परीने अनुकरण केले.

आज या चर्चमध्ये दिसणारा झगमगाट मूळचा नाही. आरंभी त्याचा अंतर्भाग बराच साधा होता. जोव्हान्नी बात्तिस्ता गाउल्ली याने छतावरील सुप्रसिद्ध चित्र १६७६ ते १६७९ या काळात, म्हणजे जवळपास शतकानंतर रंगविले. त्यात आकृत्या चौकटीबाहेर ओसंडून खऱ्या छतावर आलेल्या दिसतात. चित्र कोठे संपते आणि वास्तू कोठे सुरू होते, हे खालून कळत नाही. संकटातून सावरू पाहणारी संयत धर्मसंस्था आणि शंभर वर्षांनंतर विजयाच्या आनंदात न्हालेली धर्मसंस्था, अशी दोन्ही रूपे या एका इमारतीत वाचता येतात.

बरोकची ओळख कशी पटते?

गती आणि वक्रता : सरळ भिंत आणि वर्तुळ यांच्या जागी बरोक वास्तुकार अंतर्वक्र-बहिर्वक्र भिंत आणि लंबवर्तुळ यांना पसंती देतात. वर्तुळाला एकच केंद्र असते, त्यामुळे नजर स्थिर होते. लंबवर्तुळाला दिशा असते, म्हणून नजर फिरत राहते. दर्शनी भागावरील खांबही मध्याकडे अधिकाधिक पुढे येतात. रोममधील सांता सुझान्ना चर्चच्या १६०३ मधील दर्शनी भागात कार्लो मादेर्नो याने कडेला सपाट अर्धस्तंभ, मग अर्धगोल आणि दाराजवळ जवळजवळ पूर्ण गोलाईचे खांब, अशी चढती रचना केली. भिंत जणू प्रवेशद्वाराशी येऊन फुलते.

प्रकाश : बरोकमध्ये प्रकाश हेही बांधकामाचे साहित्य आहे. खिडकी दिसू न देता तिचा उजेड मात्र नेमक्या जागी पाडायचा, हे तंत्र बर्निनीने परिपूर्ण केले. सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमधील कोर्नारो प्रार्थनाकक्षात (१६४७-५२) संत तेरेसाची भावसमाधीतील मूर्ती आहे. तिच्यावर सोनेरी धातूचे किरण झेपावतात आणि वरच्या लपविलेल्या खिडकीतील उजेड त्या किरणांना जिवंत करतो. बाजूच्या भिंतींत कोर्नारो घराण्यातील पुरुषांचे पुतळे नाट्यगृहाच्या सज्जात बसल्यासारखे कोरलेले आहेत. नाटकांचे नेपथ्यही करणाऱ्या या कलावंताने प्रार्थनाकक्षाचा रंगमंच केला.

भास : जेझुइट बंधू आंद्रेआ पोत्सो याच्या हातात बरोकमधील दृष्टिभ्रम कळसाला पोहोचला. रोममधील सांत इन्यात्सिओ चर्चचा नियोजित घुमट कधी बांधलाच गेला नाही. पोत्सोने १६८५ मध्ये सपाट कापडावर घुमट रंगवून तो छताला बसविला. जमिनीवरील ठराविक खुणेपाशी उभे राहिले तर तो खोल घुमट खरा वाटतो. पुढे गेले, की तो एका बाजूला कललेला दिसू लागतो.

कलांचा संगम : वास्तू, शिल्प, चित्र, संगमरवर, चुनेगच्ची आणि सोन्याचा मुलामा यांना बरोकमध्ये वेगळे काढता येत नाही. सेंट पीटर्समधील मुख्य वेदीवरचे बर्निनीचे ब्राँझ छत्र (१६२४-३३) सुमारे २९ मीटर उंच आहे. त्याचे चार पिळाचे खांब शिल्प आहेत की वास्तू, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

शहराची मांडणी : बरोकची नजर इमारतीच्या भिंतीशी थांबत नाही. पोप पाचवा सिक्स्टस (१५८५-९०) याने रोमच्या दूरदूरच्या यात्रास्थळांना सरळ रस्त्यांनी जोडले आणि मोक्याच्या ठिकाणी प्राचीन इजिप्शियन स्तंभ उभे केले. यात्रेकरूला पुढचे ठिकाण लांबूनच दिसावे, हा हेतू. लांब रस्ता, त्याच्या टोकाला स्मारक आणि मध्ये चौक ही शहररचनेची रीत पुढे युरोपातील अनेक राजधान्यांनी उचलली.

बर्निनी आणि बोरोमिनी

रोमन बरोकचे दोन मोठे वास्तुकार एकमेकांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी होते. बर्निनी (१५९८-१६८०) हा पोपच्या दरबारात लहानपणापासून वावरलेला, मिठ्ठास वाणीचा, यशस्वी पुरुष. फ्रांचेस्को बोरोमिनी (१५९९-१६६७) हा लुगानो सरोवराकाठच्या पाथरवटाचा मुलगा. कमालीचा कुशल, मानी आणि एकलकोंडा. सेंट पीटर्सच्या दर्शनी भागावर बर्निनीने उभारलेल्या घंटामनोऱ्यामुळे भिंतीला तडे गेले, तेव्हा त्याच्या विरोधात तांत्रिक साक्ष देणाऱ्यांत बोरोमिनी होता. १६४६ मध्ये तो मनोरा उतरविण्यात आला.

पैशावाचून बरोक अशक्य, हा समज बोरोमिनीने खोटा ठरविला. १६३८ मध्ये त्याने सान कार्लो या चर्चचे काम हाती घेतले ते गुलामगिरीत सापडलेल्या ख्रिस्ती बंद्यांना सोडविण्याचे कार्य करणाऱ्या एका गरीब पंथासाठी. जागा रस्त्याच्या कोपऱ्यावरची, इतकी लहान की हे अख्खे चर्च सेंट पीटर्सचा घुमट पेलणाऱ्या एका स्तंभाच्या जागेत मावेल, असे म्हटले जाते. विटा आणि चुनेगच्ची यांखेरीज महागडे साहित्य जवळपास नाही. परंतु भिंती लाटेसारख्या आतबाहेर होतात. वरच्या लंबगोल घुमटात क्रूस, षटकोन आणि अष्टकोन यांची जाळी असून हे आकार वर जाताना लहान होत जातात, त्यामुळे घुमट प्रत्यक्षापेक्षा उंच भासतो. घुमटाच्या पायथ्याच्या खिडक्या खालून दिसत नाहीत आणि तो प्रकाशावर तरंगत असल्यासारखा वाटतो. या चर्चच्या दर्शनी भागाचे काम सुरू असतानाच १६६७ मध्ये बोरोमिनीने आत्महत्या केली. उरलेले काम त्याच्या पुतण्याने पुरे केले.

सेंट पीटर्स चौकाची स्तंभावली म्हणजे मातृस्वरूप धर्मसंस्थेचे पसरलेले बाहू, असे स्पष्टीकरण बर्निनीने स्वतः दिले होते. श्रद्धावंतांना, दुरावलेल्यांना आणि अश्रद्धांनाही कवेत घेणारे हे बाहू. एके काळी यात्रेकरू अरुंद गल्ल्यांतून चालत एकाएकी या विशाल चौकात प्रकट होत असे. विसाव्या शतकात, १९३६ पासून, मधली वस्ती पाडून रुंद हमरस्ता काढण्यात आला आणि त्या क्षणाचा धक्का कायमचा हरपला. बरोक वास्तूभोवतीचे शहर बदलले, की वास्तूचा आशयही उणावतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

देवाकडून राजाकडे

मन वळविण्याची ही विद्या केवळ धर्मापुरती राहणे शक्य नव्हते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६५ मध्ये बर्निनीला लूव्हर राजवाड्याच्या आराखड्यासाठी पॅरिसला बोलावले, मात्र त्याचा आराखडा नाकारला. इटालियन वक्रतेऐवजी फ्रेंच दरबाराला शिस्त, सरळ रेषा आणि अफाट विस्तार हवा होता. तो व्हर्सायमध्ये साकारला. वडिलांच्या शिकारखान्याभोवती लुई ल व्हो आणि नंतर जूल हार्दुअँ-माँसार यांनी राजवाडा वाढविला, शार्ल ल ब्रँ याने अंतर्भाग सजविला आणि आंद्रे ल नोत्र याने क्षितिजापर्यंत जाणाऱ्या बागा आखल्या. १६८२ मध्ये दरबार तेथे हलविण्यात आला. बागांचा मुख्य अक्ष आणि राजाचे शयनगृह यांच्यातील नाते सहेतुक होते. सर्व वाटा राजापाशी येऊन मिळत.

७३ मीटर लांबीच्या आरसेमहालात ३५७ आरसे आहेत. आरशांवर त्या काळी व्हेनिसची मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी फ्रान्सने १६६५ मध्ये सरकारी कारखानाच काढला. म्हणजे येथील प्रत्येक आरसा सौंदर्याइतकाच आर्थिक धोरणाचाही पुरावा होता. मात्र या वैभवाची किंमत चुकवावी लागली. युद्धखर्च भागविण्यासाठी १६८९ मध्ये लुईला व्हर्सायमधील चांदीचे फर्निचर वितळवावे लागले. शेतकऱ्यांवरील करांचा बोजा तर पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिला.

मध्य युरोपात तुर्कांचा १६८३ मधील व्हिएन्नाचा वेढा उठल्यानंतर बांधकामांना बहर आला. प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून सम्राटाने १७१३ मध्ये बोललेल्या नवसातून व्हिएन्नाचे कार्ल्सकिर्खे हे चर्च उभे राहिले. बाल्थाझार नॉयमान या तोफखान्यातील अभियंत्याने व्युर्झबुर्गच्या प्रासादात खांबांचा आधार नसलेल्या विशाल कमानी छताखाली भव्य जिना रचला.

प्रॉटेस्टंट देशांनीही या शैलीकडे सर्वस्वी पाठ फिरवली नाही. १६६६ च्या आगीनंतर क्रिस्तोफर रेन याने लंडनचे सेंट पॉल्स (१६७५-१७१०) बांधताना बरोकचा संयत वापर केला. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्खे हे घंटेच्या आकाराच्या दगडी घुमटाचे ल्यूथरपंथी चर्च. फेब्रुवारी १९४५ मधील बॉम्बहल्ल्यानंतर ते कोसळले आणि ढिगाऱ्यातील जुने दगड वापरून २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. ज्या पंथाविरुद्ध हे अस्त्र घडविले गेले, त्यानेच ते आपलेसे केले.

महासागरापलीकडे

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या जहाजांबरोबर बरोक जगभर पोहोचले. या अर्थाने जगाच्या अनेक खंडांत एकाच काळात रुजलेली ही पहिलीच युरोपीय वास्तुशैली म्हणता येईल. ब्राझीलमधील ओरो प्रेतो शहरातील चर्च सोन्याच्या खाणींवर आणि त्या खाणींत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या श्रमांवर उभे राहिले. तेथील सर्वांत मोठा शिल्पकार ‘अलैजादिन्यो’ (मृत्यू १८१४) हा पोर्तुगीज वास्तुकार आणि गुलाम स्त्री यांचा पुत्र होता. बोलिव्हियातील पोतोसी येथे सान लोरेन्सो चर्चच्या दारावर चरांगो हे स्थानिक तंतुवाद्य वाजविणाऱ्या जलकन्या कोरलेल्या आहेत. आज्ञा युरोपातून आली, तरी छिन्नी स्थानिक हातात होती आणि त्या हाताने आपली स्मृती दगडात ठेवून दिली.

गोव्यातील बरोक

हीच प्रक्रिया आपल्या शेजारी, गोव्यातही घडली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकाचे काम १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झाले. जांभ्या दगडाच्या या वास्तूच्या दर्शनी भागावरील नक्षीकामाचा काळा पाषाण वसईहून आणलेला आहे. दर्शनी भागाची मांडणी प्रबोधनकालाच्या उत्तरार्धातील, तर आतील सोनेरी वेदी संपूर्ण बरोक, असा हा संक्रमणाचा नमुना होय. येथील संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी म्हणजे दोन कारागिरीपरंपरांची भेट आहे. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी घडविली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचा असून, तो तस्कनीचा अधिपती तिसरा कोझिमो याने पाठविला. तो येथे १६९८ मध्ये बसविण्यात आला.

जवळच इटालियन थिएटाइन पंथीयांनी सतराव्या शतकात बांधलेले सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे. गोव्यातील चर्चच्या लाकडी प्रवचनमंचांखाली नागिणींची आठवण करून देणाऱ्या आकृती आढळतात. पोतोसीच्या जलकन्यांच्या या दूरच्या भगिनीच म्हणाव्यात.

या सौंदर्याला एक काळी बाजूही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील तिसवाडी आणि साष्टी भागांतील देवळे पाडण्यात आली. १५६० मध्ये धर्मन्यायालय सुरू झाले. भाविकांनी आपले देव खाडीपार, पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या फोंडा परिसरात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. कवळ्याचे आजचे मंदिर अठराव्या शतकात, छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने झाले. या मंदिरांत अष्टकोनी बैठकीवरचे घुमट, कठडे, अर्धस्तंभ, गोल कमानींच्या खिडक्या आणि मजल्यामजल्यांचे दीपस्तंभ दिसतात. विजापूरची घुमटपरंपरा, मराठी मुलखातील दीपमाळ आणि चर्चमधील बरोक अलंकरण यांचा हा संगम आहे. ज्यांच्या धाकाने देव स्थलांतरित झाले, त्यांच्याच वास्तुभाषेतील शब्द गोव्याच्या कारागिरांनी देवाच्या नव्या घरासाठी वापरले. एखादी शैली ही तिच्या मूळ मालकाची कायमची मिरास नसते, हे याहून अधिक स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसायादीत आहेत. पण बॉम जेझूसच्या भिंती आज उघड्या आहेत. मूळचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, प्राचीनतेचा भास निर्माण करण्यासाठी काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असतो. कोकणातील पावसात त्याला गिलाव्याचे कवच लागते. त्यामुळे दरवर्षीचा पावसाळा या भिंतींची परीक्षा पाहतो. पर्यटकांच्या मनात ठसलेले तांबूस रूप जपायचे की मूळचा पांढरा गिलावा परत आणून दगड वाचवायचा, हा वाद म्हणूनच केवळ अभिरुचीचा नाही.

उतरती कळा आणि नवे मोल

अठराव्या शतकाच्या मध्यास बरोकचा जोर ओसरू लागला. हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) येथील उत्खननांमुळे प्राचीन साधेपणाचे आकर्षण वाढले. विवेकवादी विचारवंतांना भावनेला हात घालणारी ही कला संशयास्पद वाटू लागली. तिचा मोठा आश्रयदाता असलेला जेझुइट पंथ पोर्तुगालमधून १७५९ मध्ये हद्दपार झाला आणि १७७३ मध्ये पोपने तो पंथच विसर्जित केला. (१८१४ मध्ये त्याची पुनःस्थापना झाली.)

बरोकवरील जुना आक्षेप असा, की ही कला दिपवते, फसवते. तो पूर्णतः निराधार नाही. जी युक्ती सान कार्लोच्या गरीब साधूंना आकाश मिळवून देते, तीच व्हर्सायमध्ये राजाला सूर्य ठरविते. तंत्र एकच, त्यामागे कोण उभा आहे आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे पाहणाऱ्याने विचारावयाचे असते. परंतु वास्तू माणसाच्या बुद्धीप्रमाणेच त्याच्या देहाशी, भीतीशी आणि आशेशीही बोलू शकते, हे बरोकइतक्या ठामपणे फार थोड्या शैलींनी दाखविले आहे. म्हणून अशा वास्तूत गेल्यावर एका जागी उभे राहू नये. चालावे, वर पाहावे, प्रकाश कोठून येतो ते शोधावे. खिडकी सापडली, तरी प्रकाशाचे आश्चर्य कमी होत नाही.

कालपट

१५०६ : नव्या सेंट पीटर्स चर्चची पायाभरणी
१५१७ : मार्टिन ल्यूथरची ९५ प्रमेये
१५४५-६३ : ट्रेंटची परिषद
१५६८-८४ : ‘इल जेसू’, रोम
१५९४-१६०५ : बॉम जेझूस, जुने गोवे
१६२४-३३ : सेंट पीटर्समधील ब्राँझ छत्र
१६३८ : सान कार्लो चर्चच्या कामास आरंभ
१६५६-६७ : सेंट पीटर्स चौकाची स्तंभावली
१६८२ : फ्रेंच दरबार व्हर्सायला
१६९८ : संत झेवियर यांच्या समाधीचा चौथरा गोव्यात
१७७३ : जेझुइट पंथाचे विसर्जन
१८८८ : व्योल्फलिन यांचा ग्रंथ, बरोकच्या पुनर्मूल्यांकनास चालना
१९८६ : जुन्या गोव्यातील चर्च जागतिक वारसायादीत